मुंबईचे उच्च न्यायालय

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्व कडेला दगडी इमारतींची एक लांबच लांब रांग उभी आहे. जुने सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षांत सभागृह, राजाबाई टॉवर आणि त्यांच्या शेजारी उच्च न्यायालय. संध्याकाळी सूर्य पश्चिमेकडे कलला की त्याचे किरण या रांगेवर पडतात आणि एरव्ही काळसर दिसणारा दगड उजळून निघतो. राजाबाई टॉवर उंचीने सर्वांवर मात करतो. परंतु विस्ताराच्या बाबतीत डोळ्यांत भरते ती उच्च न्यायालयाचीच इमारत. तिची लांबी ५६२ फूट आहे, रुंदी १८७ फूट आहे आणि मधला मनोरा सुमारे १७५ फूट उंच आहे. उतरत्या छपराच्या टोकांवर दोन मूर्ती उभ्या आहेत. एक न्यायाची व दुसरी दयेची. जमिनीवरून त्या लहानशा दिसतात. मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिले असेल.

ही इमारत जेथे उभी आहे तेथे पूर्वी किल्ल्याचा तट होता. मुंबईच्या ज्या भागाला आजही ‘फोर्ट’ म्हणतात, तो एके काळी खरोखरच तटाबुरुजांनी वेढलेला होता. तटाच्या बाहेर खंदक होता आणि आत येण्यासाठी अपोलो गेट, चर्च गेट व बाजार गेट असे तीन दरवाजे होते. त्यांतील चर्च गेटचे नाव आगगाडीच्या स्थानकाने आजही जिवंत ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले होते आणि आतली वस्ती मात्र दाटीने गुदमरत होती. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत हा तट पाडण्यात आला. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध भडकले होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला व मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. १८६५ साली युद्ध संपताच तो पूर ओसरला आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. पण मोकळी झालेली जमीन व भव्य इमारतींची स्वप्ने मागे राहिली.

न्यायालय मात्र या इमारतीहून जुने आहे. मुंबई बेटावर इंग्रजी कायद्याचे न्यायालय गव्हर्नर जेराल्ड आँजिए याने १६७२ साली स्थापन केले. पुढे १७२८ साली मेयरचे न्यायालय, १७९८ साली रेकॉर्डरचे न्यायालय आणि १८२४ साली सर्वोच्च न्यायालय असे त्याचे अवतार होत गेले. या सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार मुख्यतः मुंबई शहरापुरता होता. शहराबाहेरच्या मुलखातील अपिले कंपनी सरकारच्या सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालतींपुढे चालत. एकाच राज्यात न्यायाच्या अशा दोन वाटा असणे गैरसोयीचे होते. १८६१ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून त्या एकत्र आणल्या आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. सर मॅथ्यू सॉसे हे पहिले मुख्य न्यायमूर्ती होत. पंधरा न्यायाधीशांपर्यंत नेमणुका करण्याची मुभा होती, तरी प्रारंभ सात जणांवर झाला. दोन वाटा एकत्र झाल्याची खूण आजही शिल्लक आहे. येथील कामकाजाच्या ‘मूळ शाखा’ आणि ‘अपील शाखा’ अशा दोन शाखा आहेत, आणि त्या जुन्या दोन न्यायसंस्थांच्याच वारस होत.

न्यायालय नवे झाले, पण घर जुनेच होते. अपोलो स्ट्रीटवरील ‘ॲडमिरल्टी हाऊस’ नावाच्या वाड्यात न्यायदान चाले. नव्या इमारतीचा आराखडा कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर या लष्करी अभियंत्याने तयार केला. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरे झाले. जानेवारी १८७९ मध्ये न्यायमूर्ती नव्या वास्तूत प्रथम न्यायासनावर बसले. या बांधकामासाठी १६,४७,१९६ रुपये मंजूर झाले होते. प्रत्यक्ष खर्च १६,४४,५२८ रुपये आला. म्हणजे साडेसात वर्षे चाललेल्या एवढ्या प्रचंड कामात ठरलेल्या रकमेतून २,६६८ रुपये उरले! सरकारी बांधकामांच्या इतिहासात असे प्रसंग फार नाहीत.

इमारतीची शैली गॉथिक आहे. ही शैली युरोपातील मध्ययुगीन देवळांची. वर निमुळत्या होत गेलेल्या टोकदार कमानी, आकाशाकडे झेपावणारे मनोरे, तीव्र उताराची छपरे आणि जागोजागी कोरीव काम ही तिची लक्षणे होत. थंड, अंधुक उजेडाच्या देशात जन्मलेली ही शैली मुंबईच्या उकाड्यात आणि पावसात जशीच्या तशी उभी करून चालले नसते. म्हणून फुलरने इमारतीला मजल्यामजल्यांवर खोल ओवऱ्या दिल्या. पश्चिमेचे ऊन आणि आषाढातला वाऱ्याबरोबर येणारा तिरपा पाऊस या ओवऱ्यांतच अडतो. आतल्या दालनांपर्यंत पोचतो तो केवळ वारा. इमारत बांधली तेव्हा ओव्हल मैदानाच्या पलीकडे आजच्यासारखी घरांची रांग नव्हती. आगगाडीचा रूळ आणि त्यापुढे बॅक बेचा समुद्र एवढेच होते. ती घरे पुढे समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९३० नंतरच्या काळात उभी राहिली. त्यामुळे प्रारंभीच्या अर्धशतकात न्यायालयाच्या ओवऱ्यांत समुद्रावरचा वारा सरळ येत असे.

भिंतींचे अंग निळसर काळ्या बसाल्टचे आहे. सह्याद्री ज्या खडकाचा बनला तोच हा खडक. तो अतिशय कठीण असतो. भार वाहण्यास आणि पावसाळे सोसण्यास त्याच्यासारखा दगड नाही, परंतु त्यावर नाजूक वेलबुट्टी कोरणे म्हणजे छिन्नीची परीक्षाच. म्हणून नक्षीकामाच्या जागी पोरबंदरसारखा मऊ व फिकट रंगाचा दगड वापरला आहे. काळ्या अंगावर उजळ दगडाची किनार दिसते ती यामुळे. शोभेसाठी केलेली ही रंगसंगती आहे असे पाहणाऱ्यास वाटते. पण तिच्यामागे पाथरवटाच्या हाताची अडचण आहे हे जाणले म्हणजे तिचे सौंदर्य कमी न होता वाढतेच.

मधल्या मनोऱ्याच्या उजव्या-डाव्या हातांस दोन अष्टकोनी मनोरे आहेत. त्यांत न्यायाधीशांसाठी स्वतंत्र गोल जिने आहेत. पक्षकार, साक्षीदार आणि वकील यांच्यासाठी मुख्य जिना पूर्वेच्या बाजूस आहे. न्यायाधीशाने आपल्या दालनातून न्यायासनाकडे जावे आणि वाटेत कोणा पक्षकाराशी त्याची गाठ पडू नये, अशी ही योजना. न्याय देणाऱ्याने कोणाचाही मिंधा असता कामा नये. इतकेच नव्हे, तर तसा संशयही कोणास येता कामा नये, हे तत्त्व येथे पायऱ्यांनी सांगितले आहे. इमारतीच्या मध्यभागी उंच छताचे मोठे दालन आहे. त्याला ‘मध्यवर्ती न्यायालय’ म्हणत. सत्र न्यायाचे मोठे फौजदारी खटले तेथे चालत आणि ते पाहण्यासाठी येणाऱ्या लोकांकरिता वर सज्जे केलेले आहेत. खटला उघड्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत चालला पाहिजे असे इंग्रजी कायदा सांगे. त्या सज्जांवर कोण कोण बसेल आणि खाली काय काय पाहील, याची कल्पना इमारत बांधणाऱ्यांना होती की नाही कोण जाणे.

कोरीव कामात एक गंमत आहे. खांबांच्या शिरोभागी पाने, फुले व प्राणी कोरलेले आहेत. त्यांतच एक माकड आहे. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी असून हातात तराजू आहे! दुसरीकडे एक कोल्हा गळ्यात वकिलाच्या पांढऱ्या पट्ट्या लावून बसला आहे. न्यायदेवतेच्या घरात न्यायाची ही थट्टा कशी राहिली? याविषयी अशी दंतकथा सांगतात की, बांधकामाच्या ठेकेदाराचा एका दाव्यात न्यायालयाने विरुद्ध निकाल दिला आणि त्याने दगडावर आपला राग काढला. कथा खरी असो वा नसो, माकड मात्र खरे आहे. दीडशे वर्षांच्या काळात ते काढून टाकावे असे कोणाही अधिकाऱ्यास वाटले नाही, ही गोष्ट न्यायालयाला शोभणारीच म्हटली पाहिजे.

इमारत सरकारने बांधली, पण तिला इतिहास दिला तो तिच्या पायऱ्या चढून आलेल्या माणसांनी. १८८४ साली नानाभाई हरिदास हे येथील पहिले कायम भारतीय न्यायाधीश झाले. १८८९ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्या आसनावर आले आणि १८९३ साली त्यांच्या अकाली निधनानंतर ती जागा महादेव गोविंद रानडे यांना मिळाली. १९०१ साली मृत्यू येईपर्यंत रानडे तेथे होते. १८९१ साली विलायतेहून परत आलेला एक तरुण बॅरिस्टर अनुभव मिळवण्यासाठी येथे येऊन बसत असे. पुष्कळदा खटले त्याला समजत नसत आणि त्याला डुलकी लागे. इतरही काही जण पेंगत असल्याचे पाहून आपली लाज कमी झाली, असे त्याने पुढे आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवले. त्या तरुणाचे नाव मोहनदास करमचंद गांधी. समुद्रावरचा वारा आत खेळवणाऱ्या कर्नल फुलरकडे त्या डुलक्यांचा काही दोष जातो, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चुकीचे होणार नाही.

नव्या इमारतीत गाजलेल्या एका मोठ्या खटल्यात प्रतिवादी एक तरुण स्त्री होती. रखमाबाई यांचा विवाह त्यांच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता. परंतु त्या आपल्या आईच्या व सावत्र वडिलांच्या घरीच वाढल्या व शिकल्या. मोठेपणी त्यांनी सासरी नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ साली दादाजींनी उच्च न्यायालयात दावा लावला. न कळत्या वयात, माझी संमती न घेता झालेला विवाह मला बांधून ठेवू शकत नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. इच्छा नसलेल्या स्त्रीला जबरदस्तीने अशा घरी पाठवण्याचा हुकूम देणे त्यांच्या मनाला पटले नाही. या निकालाने सगळीकडे खळबळ उडाली. धर्मात सरकारने हात घातला, असे एक पक्ष म्हणू लागला; दुसरा पक्ष रखमाबाईंच्या मागे उभा राहिला. दादाजींनी अपील केले व १८८६ साली तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की, रखमाबाईंनी महिन्याच्या आत नांदावयास जावे, न गेल्यास सहा महिने कैद भोगावी.

रखमाबाईंनी कैद पत्करली. आपण तुरुंगात जाऊ, पण या हुकमापुढे मान तुकवणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. बावीस वर्षांच्या एका स्त्रीने एवढ्या प्रचंड दगडी वास्तूसमोर उभे राहून असे उत्तर द्यावे, ही घटना त्या काळी अनेकांना उद्धटपणाची वाटली. प्रत्यक्षात तुरुंगात जाण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकूम न बजावण्याचे मान्य केले. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, त्यामागे या खटल्याने ढवळलेले लोकमत होते. कायद्याच्या पुस्तकात रखमाबाई हरल्या होत्या.

राजद्रोहाच्या आरोपावरून लोकमान्य टिळकांचा या वास्तूशी संबंध तीनदा आला. १८९७ साली ‘केसरी’तील लेखनावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. त्या वेळी त्यांना जामीन मिळावा म्हणून दिनशा दावर या बॅरिस्टरांनी अर्ज चालवला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा कलमाचा विलक्षण व्यापक अर्थ त्यांनी ज्यूरीला सांगितला. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन होते व तीन भारतीय. मतेही सहा विरुद्ध तीन अशीच पडली. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

दुसरा प्रसंग १९०८ चा. ३० एप्रिल रोजी मुझफ्फरपूर येथे बाँबचा स्फोट झाला. त्यानंतर ‘केसरी’त आलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून टिळकांना २४ जूनला अटक झाली. १३ जुलै रोजी मध्यवर्ती न्यायालयात खटला उभा राहिला. न्यायासनावर होते न्यायमूर्ती दावर. अकरा वर्षांपूर्वी टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले तेच दिनशा दावर! या वेळी टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी केलेला अर्ज त्यांनी नामंजूर केला.

या खटल्यातील सर्वांत विचित्र गोष्ट भाषेची होती. लेख मराठीत होते. ते राजद्रोही आहेत की नाहीत हे ज्यूरीने ठरवायचे होते. ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी गृहस्थ होते, आणि मराठी लेख मराठीत वाचून त्यांचा अर्थ लावील अशी ती ज्यूरी नव्हती. त्यांच्यापुढे होती इंग्रजी भाषांतरे. मराठी शब्दाच्या मागे जी छटा असते, एखादा शब्द रोजच्या बोलण्यात जितका सौम्य असतो, ते भाषांतरात हरवते. अनेकदा सौम्य शब्दाच्या जागी तीव्र शब्द येऊन बसतो. टिळकांनी आपला बचाव स्वतःच चालवला. ते एकवीस तासांहून अधिक वेळ बोलले. शब्दांचे अर्थ, वाक्यांचे संदर्भ, त्या वेळी वृत्तपत्रांत चाललेला वाद आणि मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा, सारे त्यांनी ज्यूरीपुढे मांडले. आपण सरकारला हिंसेचे कारण दाखवून दिले, हिंसेची शिकवण दिली नाही, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता.

२२ जुलैची रात्र झाली तरी न्यायालय उठले नव्हते. ज्यूरी विचार करून परत आली. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. काही सांगावयाचे आहे काय, असे विचारल्यावर ते थोडक्यात बोलले. ज्यूरीने काहीही ठरवले तरी आपण निर्दोष आहोत. मनुष्यांचे व राष्ट्रांचे भवितव्य ठरवणारी याहून श्रेष्ठ शक्ती आहे. आणि आपल्या मोकळे राहण्यापेक्षा आपल्या हालअपेष्टांनीच आपल्या कार्याचा उत्कर्ष व्हावा, अशी कदाचित ईश्वराची इच्छा असेल, असा त्या शब्दांचा आशय होता. न्यायमूर्ती दावर यांनी कठोर शब्दांत त्यांची निर्भर्त्सना केली आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा सुनावली. त्याच रात्री टिळकांना खास गाडीने साबरमतीला नेण्यात आले. तेथून पुढे मंडालेला. मुंबईतील गिरणी कामगारांनी शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असा सहा दिवसांचा संप केला. इंग्रज सरकारने सज्जे रिकामे ठेवले असते तरी ती बातमी परळ-लालबागेत पोचली असतीच.

मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहून टिळक १९१४ साली परत आले आणि दोन वर्षांनी पुन्हा त्यांच्यावर तोच आरोप आला. बेळगाव व अहमदनगर येथील स्वराज्यविषयक मराठी भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तनासाठी वीस हजार रुपयांचा जातमुचलका मागितला. हे प्रकरण उच्च न्यायालयात आले. टिळकांच्या बाजूने जीना उभे होते. नोव्हेंबर १९१६ मध्ये न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. भाषणातील सुटी वाक्ये उचलून भागत नाही. भाषण संपूर्ण वाचावे व त्याचा एकंदर परिणाम पाहावा, अशी त्यांची दृष्टी होती. १८९७ व १९०८ साली जे मिळाले नाही ते १९१६ साली त्याच न्यायालयात मिळाले. इमारत तीच होती, कलमही तेच होते. वाचणारे डोळे निराळे होते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि महंमद करीम छागला हे या न्यायालयाचे पहिले कायम भारतीय मुख्य न्यायमूर्ती झाले. १५ जुलै १९५६ रोजी मध्यवर्ती न्यायालयाच्या दारापाशी त्यांच्या हस्ते एका संगमरवरी शिळेचे अनावरण झाले. १९०८ साली टिळकांनी शिक्षा ऐकण्यापूर्वी उच्चारलेले शब्द तीवर कोरलेले आहेत. एखाद्या न्यायालयाने आपणच दोषी ठरवलेल्या आरोपीचे शब्द आपल्याच दारावर लावावेत, असे उदाहरण जगात दुर्मिळ आहे. सरकारच्या विरोधात जाऊन वाचण्याचा प्रसंग या न्यायालयावर स्वातंत्र्यानंतरही आला. आणीबाणीच्या काळात सरकारी नियंत्रकाने ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकातील मजकूर छापण्यास मनाई केली, तेव्हा त्याचे संपादक मिनू मसानी न्यायालयात गेले. १९७६ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. टीका करणे म्हणजे देशाला धोका निर्माण करणे नव्हे, असे त्या निर्णयाचे सार होते. असे निर्णय देणे त्या वर्षी सोपे नव्हते.

रखमाबाई ज्या वास्तूत प्रतिवादी म्हणून आल्या, तेथे वकील म्हणून स्त्री येण्यास बराच काळ जावा लागला. १९२३ साली विलायतेत बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, या येथे वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री होत. न्यायासनावर स्त्री बसली ती मात्र १९७८ साली. इमारत पुरी झाल्याला तेव्हा सुमारे शंभर वर्षे झाली होती. त्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर १९९४ साली येथे मुख्य न्यायमूर्तीही झाल्या.

शहराचे इंग्रजी नाव १९९५ साली बदलून मुंबई झाले. न्यायालयाच्या इंग्रजी नावात मात्र जुने ‘बॉम्बे’ तसेच राहिले आहे. या न्यायालयाचा अधिकार महाराष्ट्र, गोवा तसेच दादरा-नगर-हवेली व दमण-दीव एवढ्या प्रदेशावर चालतो. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे त्याची खंडपीठे आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूर येथे फिरत्या खंडपीठाचे काम सुरू झाले. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींचा जागतिक वारशात समावेश केला. पूर्वेच्या गॉथिक इमारती आणि पश्चिमेची विसाव्या शतकातील घरे, दोन्ही मिळून तो वारसा आहे.

सात न्यायाधीशांनी सुरू झालेल्या या न्यायालयात आज चौऱ्याण्णव न्यायाधीशांच्या जागा मंजूर आहेत. त्यांतील काही खंडपीठांत बसत असले, तरी फुलरच्या इमारतीला उरलेल्यांचा भार आता पेलत नाही. कागदपत्रांचे गठ्ठे ओवऱ्यांच्या कडेने रचलेले दिसतात आणि जिन्यांवर पक्षकारांची दाटी असते. वांद्रे पूर्व येथे नव्या संकुलाची कोनशिला २०२४ साली बसवण्यात आली आहे. पण सकाळी अकराच्या सुमारास फोर्टात गेल्यास जुन्या दृश्यात फारसा फरक आढळत नाही. काळे झगे घातलेले वकील घाईने पायऱ्या चढत असतात. त्यांच्यामागून खेड्यातून आलेला एखादा अशील कागदांची पिशवी छातीशी धरून, कोणत्या क्रमांकाच्या दालनात जायचे हे विचारीत चाललेला असतो.